बाहेरून आत

१

आमच्या शेडचा एक नियम आहे. दुरुस्त केलेलं इंजिन एक टाकीभर पेट्रोल जाळल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाईक कितीही पाय आपटू दे. हा नियम माझ्या नवऱ्याचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्याची डावी बाजू गेली. तेव्हापासून तो मागच्या मोठ्या खोलीत लोखंडी खाटेवर असतो आणि शेड मी चालवते. गवत कापायची मशिनं, फवारणीचे पंप, करवती, छोटे जनरेटर, जे येईल ते. सुरुवातीला लोक विचारायचे, मिस्त्री नाहीत का? मी म्हणायची, आहेत, पण पाना माझ्या हातात आहे, दाखवायचं असेल तर दाखव नाहीतर चालू लाग. आता कोणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर मला हे आयुष्य आवडतं. सकाळी शेड उघडावी, चहाचा कप बाकावर ठेवावा, एखादं इंजिन चालू करावं. आतून मिस्त्री ओरडतो, "प्लग बदल." तो चुकत नाही. त्याची जीभ जड झाली, कान नाही. फक्त एका गोष्टीवरून आमची भांडणं व्हायची. तो खोलीबाहेर यायला तयार नव्हता. गिऱ्हाइकांनी आपल्याला असं पाहू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मी दहादा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्या दिवशी बागेतला माळी आपलं गवताचं मशीन ढकलत घेऊन आला. माळीदादा जुना माणूस, गरीब स्वभावाचा. म्हणाला, "वहिनी, रेस वरखाली होतेय. आधी हळूहळू व्हायची, मग भराभर व्हायला लागली, आणि एक दिवस एकदम बंद पडलं."

आम्ही त्याला धाप लागणं म्हणतो. इंजिनाला मनासारखी हवा किंवा पेट्रोल मिळत नसलं की ते दमेकऱ्यासारखं करतं, चढतं, पडतं, चढतं, पडतं. दहातल्या नऊ वेळा कार्बोरेटरात घाण असते. मी म्हटलं, परवा घेऊन जा.

जाता जाता तो सहज बोलला, की बागेच्या मधल्या ओट्यावर एक म्हातारं कुत्रं झोपायचं ते चार दिवस दिसत नाही. त्याला धड उठताही येत नव्हतं, मग गेलं कुठे? मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय कुत्र्यांची मिस्त्री आहे?

२

इंजिन सांगाड्यावरून सोडवलं आणि बाकावर बसवलं. पातं काढलं की हलकं इंजिन नीट चालत नाही, म्हणून मिस्त्रीने पूर्वी एक जाड लोखंडी चाक बनवून ठेवलंय, ते पात्याच्या जागी लावायचं. मशिनाचा सांगाडा चार चाकांवर कोपऱ्यात उभा राहिला.

कार्बोरेटर खोलला. स्वच्छ. तरी धुतला, बारीक तारेने भोकं साफ केली. टाकीच्या झाकणाचं भोक पाहिलं, मोकळं. सांध्यातलं गॅस्केट नवं टाकलं. गव्हर्नरची स्प्रिंग बदलली. गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा मुकादम, ओझं आलं की जास्त पेट्रोल सोडतो, ओझं गेलं की हात आखडता घेतो. मग दोरी ओढली.

पहिल्याच झटक्याला चालू झालं. आणि धाप लागली.

पण ही धाप काही बरोबर नव्हती. नेहमीची धाप सेकंदाला एकदा-दोनदा असते. हे इंजिन आवाज खाली टाकायचं, कण्हत कण्हत बराच वेळ चालायचं, मग क्षणभर मोकळं व्हायचं, आणि पुन्हा कण्हायला लागायचं. मी कप हातात धरून ऐकत राहिले. चहावर साय आली.

आतून मिस्त्रीचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द ढकलत.

"अगं. त्याला लोड आहे."

मी ओरडून सांगितलं की लोड कुठला, पातंसुद्धा नाही, बाकावर आहे.

"लोड आहे," तो म्हणाला. "ते गवत कापतंय."

मी हसले. म्हटलं, आजारपणाने कान पण गेला वाटतं. दिवसभर तेच इंजिन खोलत आणि लावत बसले. चार वेळा कार्बोरेटर धुतला. संध्याकाळी इंजिन पुसायला घेतलं तर लोखंडी चाकाच्या खालच्या बाजूला काहीतरी ओलं लागलं. बोटाला हिरवा रंग आला. वास घेतला. ताजं कापलेलं गवत. आमच्या आवारात फरशी आणि माती आहे. गवताची काडी नाही.

मी बोट फडक्याला पुसलं आणि स्वतःला सांगितलं की सांगाड्याची घाण लागली असणार.

३

दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन बसले. मला चौथीपर्यंतचंच येतं पण आकडे येतात. इंजिन कण्हायला लागलं की मोजायचं, मोकळं झालं की लिहायचं.

चाळीस. पंचवीस. एकतीस. नऊ. अठरा. आणि पुन्हा चाळीस, पंचवीस, एकतीस, नऊ, अठरा. तासभर तेच, एका सेकंदाचा फरक नाही. बिघडलेलं इंजिन असं वागत नाही. बिघाडाला शिस्त नसते.

तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस, चोवीस, तीस, नऊ, सतरा. चौथ्या दिवशी आणखी थोडं कमी.

त्याच आठवड्यात घरात मुंग्या झाल्या. तशा नेहमीच होतात, पण या साखरेकडे जात नव्हत्या. चारी भिंतींकडून येऊन मिस्त्रीच्या खोलीत जात होत्या. मग पाली आल्या. त्याच्या डोक्यावरच्या छताला मी सात मोजल्या. शेडमधले उंदीर, ज्यांच्यासाठी मी सहा वर्षं पिंजरे लावून थकले, ते भर दुपारी उंबरठा ओलांडून रांगेने आत गेले. माझ्या पायाशी आले तरी घाबरले नाहीत. त्यांना माझ्याहून दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती होती.

शुक्रवारी मांजरीने आपली तीन पिल्लं कुंपणाजवळच्या खोक्यातून एकेक करून उचलली आणि मिस्त्रीच्या खाटेवर, त्याच्या मेलेल्या डाव्या पायाजवळ नेऊन ठेवली. ही मांजर कधी घरात पाय ठेवत नव्हती. मिस्त्री खूश झाला. म्हणाला, पाहुणे आलेत, दूध दे.

मी दूध दिलं. इंजिन तीन दिवस बंद ठेवलं. म्हटलं, बघू. तरी मुंग्या येत राहिल्या. चौथ्या दिवशी चालू केलं तर आकडे तीन दिवसांचे कमी झाले होते. म्हणजे इंजिन काही करत नव्हतं. ते बिचारं फक्त सांगत होतं.

४

माळीदादाला बोलावून घेतलं. चहा दिला आणि विचारलं, गवत कापतोस कसा, दाखव.

तो गोंधळला. त्याने बोटाने बाकावरच्या धुळीत चौकोन काढला. बाग पत्त्यासारखी चौकोनी आहे म्हणाला. मग कडेने बोट फिरवलं, एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी.

"बाहेरून आत," तो म्हणाला. "सोपं पडतं, मशीन उलटं वळवावं लागत नाही."

"तुझा बाप पण असंच कापायचा?"

तो खाली बघायला लागला. बाप मधून बाहेर कापायचा म्हणाला. बाप सांगायचा की गवतात जीव असतात, ससे, सरडे, पाखरांची पिल्लं. मधून सुरुवात केली की त्यांना बाहेर पळायला वाट मिळते. बाहेरून कापत आलं की ते आत आत सरकत जातात, आणि शेवटी मधे एवढासा तुकडा उरतो, त्यात सगळे गोळा झालेले असतात.

"आणि मग?"

"मग काय वहिनी. मशीनचा आवाज जरा बदलतो."

मी त्याला असं काही बोलले की तो अर्धा चहा तसाच टाकून उठला. वाटेत थांबून म्हणाला, कुत्रं ओट्यावरच होतं, त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि त्या बाजूला तो मशीन घेऊन गेलाच नव्हता. शपथ घेऊन सांगत होता. मला ते खरं वाटलं, आणि तेच वाईट झालं.

तो गेल्यावर मी आवारात गेले आणि कुंपणाच्या आतून मशीन ढकलल्यासारखी चालले, तोंडाने आकडे मोजत. समोरची लांब बाजू, गेटवरून. मग उजवी. मग मागची. मग तो तिरपा कोपरा, जिथे रस्ता वळतो म्हणून आमच्या आवाराचा एक तुकडा कापला गेलाय. मग डावी. पाच बाजू, आणि पहिल्या मोजणीचेच आकडे. माळ्याच्या बागेला चार. जगात चौकोनी जागा लाखो असतील, पण तिरपा नऊ सेकंदांचा कोपरा आमचाच.

मधोमध उभी राहून पाहिलं. शेड पुढे, एका अंगाला. स्वयंपाकघर डावीकडे. आणि अगदी मधे मोठी खोली, तिच्यात खाट.

मांजर पिल्लं घेऊन पळू शकते. माझा माणूस पळू शकत नाही.

५

मी काही भित्री बाई नाही. रात्री मस्त झोपले. सकाळी उठून स्वतःला चार शिव्या दिल्या, की आकड्यांच्या नादाने डोकं फिरलंय, जनावरं घरात येतात कारण हवा बदललीय, गवताचा वास येतो कारण मशीन गवताचं आहे. मिस्त्रीला म्हटलं, आज बाहेर बसू या का जरा? तो म्हणाला, तुझ्या गिऱ्हाइकांना तमाशा दाखवायला? आणि तोंड भिंतीकडे केलं.

कोणाला बोलवावं तर काय सांगून बोलवावं? नवरा उचलायला चार माणसं द्या, न दिसणारं मशीन येतंय?

शेडमध्ये गेले, इंजिन चालू केलं आणि बाकाकडे पाठ करून पाना शोधत होते. इंजिन कण्हत होतं. त्या वेळी ते समोरची बाजू करत होतं, आणि ती बाजू आता शेडमधून जात होती. हे मला माहीत होतं. काल आवारात चालून मोजून ठेवलं होतं.

पोटऱ्यांवर गार वारा आला. गवताचा वास इतका दाट की घशात बसला. फळीवरची तेलाची बाटली कलंडली. माझी पावलं आपोआप एकमेकांना चिकटली, जसं कुणी झाडू मारत आल्यावर आपण पाय आखडून घेतो. मग ते पुढे गेलं. इंजिन क्षणभर मोकळं झालं, वळलं, पुन्हा कण्हायला लागलं.

खाली पाहिलं. शेडच्या फरशीवर वर्षांची काळी धूळ आणि तेल. त्यातून हातभर रुंदीचा एक स्वच्छ पट्टा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. सरळ. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, हे मला कबूल करावं लागेल.

मी पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. घर आतल्या बाजूला.

आणि आज पहिल्यांदाच इंजिन त्याच आकड्यांवर थांबलं नाही. पुढची फेरी आधीचीपेक्षा लहान आली. तिच्या पुढची आणखी लहान. तीस, अठरा, तेवीस, सात, बारा. अठ्ठावीस, सोळा. रोज हातभर सरकणारं काम आज कोणीतरी पुरं करायला घेतलं होतं.

६

कोपऱ्यात माळ्याच्या मशीनचा सांगाडा उभा होता. चार चाकं, चांगली मजबूत. चार नट. मी आयुष्यात इतके भराभर नट सोडले नाहीत.

खोलीत गेले, खाटेच्या पायाखाली जॅक लावला. मिस्त्री विचारत होता, काय करतेस? मी म्हटलं, गप पडून राहा. पाईप आवळायचे क्लॅम्प होते, त्यांनी चाकं पायांना आवळली. तिसऱ्या चाकापर्यंत त्याला कळलं.

"मी बाहेर येणार नाही."

"अहो, ऐका जरा," मी म्हटलं. "रागाने नाही. नुसतं कानाने ऐका."

शेडमधलं इंजिन ऐकू येत होतं. तो ऐकत राहिला. छतावर पाली एकमेकींवर चढल्या होत्या. खाटेखाली उंदीर होते, मुंग्यांचा काळा ढीग होता, पिल्लं त्याच्या मांडीत शिरली होती. मिस्त्रीचा चेहरा बदलला. जो माणूस चाळीस वर्षं इंजिनांची नाडी बघतो त्याला समजावून सांगायला लागत नाही.

"मागच्या भिंतीला आहे," तो म्हणाला. "वळलं की काढ."

चौथा नट आवळला. स्वयंपाकघरातली भांडी एकापाठोपाठ एक किणकिणली, मग थांबली. गवताचा वास आत आला. त्या खोलीत पूर्वी मोठी मशिनं ठेवायचो म्हणून दार रुंद आहे, नाहीतर आज मी हे सांगत नसते. मी खाटेच्या डोक्याकडून दाराकडे तोंड करून ओढायला लागले, तो उताणा, पाय आतल्या बाजूला, नजर खोलीकडे.

इंजिन मोकळं झालं. वळलं.

"आता."

ओढलं. पुढची दोन चाकं उंबरठ्यावरून गेली. मागचं एक अडकलं. मी खाली वाकले, चाक हाताने उचलायला, आणि खाटेखालून खोलीची आतली बाजू दिसली.

दोन टाचा होत्या. अनवाणी, भेगाळलेल्या, घोट्यापर्यंत हिरव्या. दुसऱ्या भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या, घाई नाही, दिवसभराचं काम असलेल्या माणसासारख्या. कोपऱ्याशी पोचल्या. आणि वळल्या. आता मला बोटं दिसत होती.

मला हात हलवता येईना. खरंच येईना.

मिस्त्रीने उजव्या हाताने दाराची चौकट पकडली. तो हात एकटा दोन वर्षं दोन हातांचं काम करतोय, लोखंडासारखा झालाय. त्याने एक हिसका दिला. खाट, तो, मांजर, पिल्लं आणि मी, सगळे ओसरीवरून अंगणात गेलो. माझ्या पायांमधून उंदीर सुटले, पाली भिंतीवरून उतरून पळाल्या. त्यांना वाट मिळाली होती.

गेटपर्यंत मी थांबले नाही.

शेडमधून इंजिन ऐकू येत होतं. लहान लहान वळणं. मग आणखी लहान, एका जागी गरगरल्यासारखी. मग त्याचा आवाज जरा बदलला, जसं खाली काहीच सापडलं नाही. क्षणभर अडखळलं.

आणि नंतर ते असं चाललं, जसं कारखान्यातून आजच आलंय. रेशमासारखं. टाकी संपेपर्यंत.

७

खोलीत मी दुपारी उशिरा गेले, हातात मोठा पाना घेऊन. काही नव्हतं. खाट असायची त्या जागी फरशी चकचकीत होती, आणि बरोबर मधे ओंजळभर ताजं कापलेलं गवत. केरसुणीने भरून बाहेर टाकलं. ती खोली आता पेट्रोलचे डबे आणि टायर ठेवायला वापरते.

माळीदादाला मशीन नवी चाकं लावून परत दिलं. तो आता मधून बाहेर कापतो. मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आले.

मिस्त्रीला विचारलं, मी खाली वाकले होते, तुम्ही वर बघत होता, काय दिसलं? तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्याच्या हातात मशीन नव्हतं." मी विचारलं, मग काय होतं? त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि चहा मागितला. मी पुन्हा विचारलेलं नाही.

खाट आता शेडच्या दारात असते, पुढे सावलीत. तमाशा वगैरे तो विसरला. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो, गिऱ्हाइकांना माझ्यादेखत माझ्या चुका सांगतो, पोस्टमनशी वाद घालतो. अंगावर जरा मांस चढलंय. मांजर त्याच्या पायाशी असते, पिल्लं मोठी होऊन उंडारायला लागली. मला हेच हवं होतं. दोन वर्षं जे माझ्या भांडणाने झालं नाही ते झालं. कशाने झालं याचा मी विचार करत नाही. सोमवारी चाकांना ग्रीस लावते, एवढंच.

आज सकाळी एक दुकानदार जनरेटर घेऊन आला. म्हणाला, वहिनी, रेस वरखाली होतेय. मी म्हटलं, कार्बोरेटर असेल, ठेव.

तो गेल्यावर वायरी सोडवल्या, दोरी ओढली. जनरेटर चालू झाला, आवाज खाली गेला, आणि कण्हायला लागला. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. वीस झाले. चाळीस झाले. ऐंशी झाले.

"कितवी बाजू?" त्याने विचारलं.

"अजून पहिलीच चालू आहे."

त्याने डोळे उघडले, पांघरूण सारखं केलं.

"लांब आहे," तो म्हणाला. "चहा ठेव."

मी चहा ठेवायला वळले. जाता जाता खाटेला पायाने हळूच धक्का दिला. चाकं हलकी फिरत होती.